‘अर्धीच रेती साफ केली’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

नमस्कार डॉक्टरसाहेब,

आपल्या दवाखान्यातील समुद्री माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या सफाईला आपण एक स्टार दिला आहे. आम्ही उशिरा आलो, तळाची अर्धीच रेती साफ करून पूर्ण पैसे घेतले आणि पंधरा दिवसांत काचेवर व रेतीवर पुन्हा शेवाळ धरले, असे आपण लिहिले आहे. उशिराबद्दल आणि आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल मनापासून क्षमस्व. परंतु ‘अर्धवट काम’ हा शब्द मला फार लागला आणि त्याबद्दल सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आपल्या टाकीतील रेती सुमारे तीन इंच जाडीची आहे. वरच्या भागात राहणारे जिवाणू माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, तर खाली, जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही, तिथले जिवाणू त्याच नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करून ते पाण्याबाहेर घालवतात. ही सगळी रेती एकाच दिवशी तळापर्यंत ढवळली असती, तर साचलेली घाण पाण्यात मिसळून अमोनिया वाढला असता आणि खालच्या काळ्या थरातला, सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइडही सुटला असता. आपण ज्या क्लाउनफिशच्या जोडीला एवढे जपता, तिचे काय झाले असते, याचा विचारही करवत नाही. म्हणून आम्ही समोरच्या अर्ध्या भागात सायफनची रुंद नळी फिरवली आणि मागचा भाग पुढच्या फेरीसाठी मुद्दाम ठेवला. कोणत्याही जुन्या टाकीत आम्ही असेच करतो. काम वाचवायचे असते तर संपूर्ण रेती एकदम ढवळून मोकळे होणे आम्हाला केव्हाही सोपे होते. पैसेही केवळ रेतीचे नव्हते. त्यात पाणीबदलासाठीचे सॉल्ट, फिल्टरची सफाई आणि खडकावरचे हिरवे केसाळ शेवाळ हाताने उपटून काढण्याची मेहनत होती. ते हिरवे शेवाळ आजही परत आलेले नाही, हे कृपया पाहावे.

आता पुन्हा आलेल्या थराविषयी. अभिप्राय वाचल्यावर मी स्वतः दवाखान्यात येऊन गेलो. आपण रुग्ण तपासत होता, म्हणून त्रास दिला नाही. काचेवरचा थर तपकिरी, भुकटीसारखा होता आणि बोट फिरवताच निघत होता. हा डायटमचा, म्हणजे अतिसूक्ष्म तपकिरी शेवाळाचा, थर असून पाण्यात सिलिकेट (वाळू-खडकातून पाण्यात उतरणारे खनिज) आले की तो झपाट्याने वाढतो. ते सिलिकेट कुठून आले, हे आपल्याकडे काम करणाऱ्या मुलाने सरळपणे सांगितले. उन्हाळ्यात टाकीचे पाणी झपाट्याने उडते, म्हणून तो रोज संध्याकाळी बोअरचे बादलीभर पाणी ओतत होता. त्याला कोणीतरी सांगितले होते की आपला भाग खारपाणपट्ट्यातला, पाणी आधीच खारे, तेव्हा समुद्रातल्या माशांना ते चालेलच. त्या मुलाचा यात दोष नाही. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या पूर्णाकाठच्या गावांत हा समज मी अनेकदा ऐकला आहे. पण समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार ठरावीक प्रमाणात असतात आणि आपल्या बोअरचे पाणी त्याच्या जवळपासही जात नाही. शिवाय टाकीतून उडून जाते ते केवळ पाणी, क्षार मागेच राहतात. त्यामुळे भर घालायची ती नेहमी क्षार नसलेल्या आर.ओ.-डी.आय. पाण्याचीच. सफाईच्या दिवशी टाकीच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे 10 मिलिग्रॅमच्या आसपास होते, ते आता 40 च्या पुढे गेले आहे. अशा आर.ओ.-डी.आय. पाण्याचे दोन कॅन आम्ही सफाईच्याच दिवशी स्टँडखाली ठेवले होते आणि दारावर मराठीत चिठ्ठीही लावली होती. दोन्ही कॅन अजून सीलबंद आहेत.

आमच्या भागात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारी मंडळी मोजकीच आहेत आणि ती एकमेकांना विचारूनच माणूस बोलावतात. आपल्या नावाला तालुक्यात मान आहे, म्हणून आपल्या एका ओळीने माझे काम थांबू शकते. मी हे काम मनापासून शिकलो आहे आणि त्यावरच माझे घर चालते.

यापुढे कोणता भाग केव्हा साफ होईल ते आधीच लिहून देऊ, आणि वेळेच्या बाबतीतही सुधारणा करू. सध्या बोअरचे पाणी बंद ठेवावे, लाइट आठ तासांपेक्षा जास्त चालू ठेवू नये आणि शेवाळ मारण्याचे कोणतेही औषध टाकू नये, कारण तांबे असलेल्या औषधाने गोगलगायी मरतात. मागच्या भागाची रेती करायला मी आपल्या सोयीने येईन. त्याचे वेगळे पैसे घेणार नाही. सगळे पाहून झाल्यावर स्टार किती द्यायचे, हा सर्वस्वी आपला अधिकार आहे, फक्त ‘अर्धवट काम करून पैसे घेतले’ एवढे वाक्य शक्य असल्यास बदलावे, ही नम्र विनंती.