कालनिर्णयवरच्या फुल्या

शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलच्या घरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं आहे. त्यावर दुधाचा हिशोब नाही, फुल्या आहेत. शिकागो व्हाइट सॉक्स हरले की एक फुली.

हे काम बाबांचं. २०२४ च्या मे महिन्यात ते साताऱ्याहून आले, तोवर या बेसबॉल संघाने पहिल्या २५ सामन्यांतले २२ घालवून झाले होते. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून आयुष्य काढलेला माणूस. माझ्या फोनवर बघून मागच्या फुल्याही भरून घेतल्या. नोंद अर्धवट नको म्हणे.

"हे रोज खेळतात?"

"जवळजवळ रोज, बाबा. सहा महिन्यांत १६२ सामने."

"आणि हरतातही रोजच?"

१० जुलै ते ५ ऑगस्ट, सलग २१ पराभव. दुसऱ्या दिवशी ओकलंडला ५-१ असे जिंकले. आमच्याकडे तेव्हा रात्र झाली होती, पण बाबा जागे होते. आणि दोनच दिवसांत मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, पेद्रो ग्रिफोल यांना काढलं. बाबांना हे झेपलंच नाही. "हरत होते तेव्हा ठेवला, जिंकल्यावर काढला?"

ऑगस्टमध्ये बाबा परत गेले, फुल्या माझ्याकडे आल्या. २७ सप्टेंबरला डेट्रॉइटमध्ये १२१वी मारली. १९०० नंतर एका मोसमात इतके सामने कुणीच हरलेलं नाही. याआधी १९६२ चा न्यूयॉर्क मेट्स, १२० पराभव. पण तो संघ त्याच वर्षी जन्मला होता हो! आमच्या संघाने २०२१ मध्ये ९३ सामने जिंकून गटात पहिला नंबर काढला होता. तीन वर्षांत ही दशा.

ऑफिसात खेळाडूंवरचे विनोद ऐकून कान किटले. मला विचाराल तर या १२१ पराभवांत मैदानावरच्या पोरांचा वाटा सगळ्यात कमी. डिलन सीझसारखा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मोसमाच्या तोंडावर सॅन डिएगोला देऊन टाकला. त्याने जुलैमध्ये तिकडे नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्यांना एकही हिट नाही. आम्ही तेव्हा त्या २१ मध्ये अडकलो होतो. १९८१ पासून संघाची सूत्रं जेरी राइन्सडॉर्फ यांच्याकडे आहेत, आणि याच वर्षी ते नव्या स्टेडियमसाठी सरकारी पैसा मागायला राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफिल्डला गेले. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये असा संघ खालच्या लीगमध्ये ढकलला जातो, मालकाच्या खिशाला चाट बसते. इथे तसलं काही नाही. तळाला राहा, पुढच्या वर्षी त्याच पंगतीत पाट तयार.

म्हणून २४ सप्टेंबरची रात्र मला जास्त आवडली. घरच्या मैदानावर लॉस एंजेलिस एंजल्स संघाविरुद्ध ०-२ मागे होतो, १२१वा, विक्रमी पराभव बघायलाच बरेच जण आले होते. नऊपैकी आठव्या इनिंगमध्ये तीन धावा काढून आमचे जिंकले, आणि स्टँडमधून ओरडा काय, तर "संघ विका!" तो मालकासाठी होता, खेळाडूंसाठी नाही. पुढचे दोन सामनेही एंजल्सविरुद्ध जिंकले. विक्रम घरी झालाच नाही.

डेट्रॉइटच्या त्या फुलीनंतर शनिवार-रविवारचे शेवटचे दोन्ही सामने जिंकले. एकूण ४१ विजय. बाबांना व्हॉट्सॲपवर कळवलं. पाच मिनिटांत उत्तर: "बरोबरची खूण कर. पेनाने."