53 कोटी टन राडारोडा: कोणी वजन केलं?

‘भारतात दरवर्षी 53 कोटी टन राडारोडा निघतो, हा मोजलेला आकडा आहे,’ असा संदेश फिरतोय. आकडा खोटा नाही, पण तो कोणी काट्यावर मोजलेला नाही. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट’ने 2013 सालासाठी बांधलेला तो अंदाज आहे.

त्यामागचा आडाखा ‘टायफॅक’ या सरकारी संस्थेचा: नव्या बांधकामात दर चौरस मीटरला 40 ते 60 किलो, पक्की इमारत पाडताना सुमारे 500 किलो. देशातल्या 5 टक्के इमारती दरवर्षी पाडून नव्याने बांधल्या जातात, असं गृहीत धरल्यामुळे निव्वळ पाडकामाचेच जवळपास 29 कोटी टन झाले. हेच प्रमाण 1 टक्का धरा, पाडकामाचा आकडा पावणेसहा कोटींवर येतो! खरी मेख इथे आहे.

शिवाय जुनी चाळ पाडताना सागवानी दारं, तुळया, सळया, धड विटा आधीच भंगारवाले आणि जुन्या सामानाचे व्यापारी उचलतात. डंपरमध्ये उरलेला माल चढतो. म्हणून आपल्या शहराचा अंदाज हवा असेल तर पाडकामाच्या परवानग्यांमधलं क्षेत्रफळ घ्या, देशाच्या आकड्याला लोकसंख्येने भागू नका.