प्रार्थनेच्या नावाखाली

सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि मोबाईल बघितला. आमच्या प्रार्थनेच्या ग्रुपवर एका मुलीबद्दल लांबलचक मेसेज. ती कुठल्या दवाखान्यात आहे, सोबत कोण आहे, ‘प्रकरण’ काय असावं, सगळं. शेवटी ‘कृपया प्रार्थनेत ठेवा’. चहा गाळेपर्यंत खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. त्यातल्या किती जणांनी एक तरी ‘नमो मरिया’ म्हटलं असेल? मला मात्र तिघींचे फोन आले, “खरं काय गं?”

संताप आला. मग घाम फुटला, कारण हे मी स्वतः केलेलं आहे.

आपला सिंधुदुर्ग धर्मप्रांत 2005 साली वेगळा झाला, त्याच्या पुढच्या मे महिन्यातली गोष्ट. शेजारीण माझ्याकडे खवणीवर बसून नारळ खवत होती. मध्येच तिचा हात थांबला. लेक सासरहून आलीय, आता परत जाणार नाही, म्हणाली. कुणाला बोलू नकोस. त्याच संध्याकाळी वाडीतल्या खुर्साकडे, म्हणजे क्रुसाकडे, लादीन (सामूहिक प्रार्थना) होती. ती संपल्यावर मी म्हटलं, एका अडचणीतल्या घरासाठी प्रार्थना करूया. बाजूच्या बाईने हळूच विचारलं, “कोणासाठी गो?” मी नाव घेतलं नाही. फक्त हनुवटी त्या घराकडे वळवली. उकडलेले चणे सगळ्यांच्या हातात पडेपर्यंत बातमी वाडीभर झाली होती.

आणि मी घरी येऊन शांत झोपले! दारू, जुगार, लाच हे मोह लांबून ओळखू येतात, घरचे ओरडतात, फादर प्रवचनात बोलतात. हा मोह हातात रोझरी घेऊन येतो. सैतान प्रभूला मंदिराच्या टोकावर घेऊन गेला तेव्हा बायबलमधलं 91वं स्तोत्रच म्हणून दाखवत होता, हे आपण उपासकाळात ऐकतो आणि विसरतो.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात 1:14 ला माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो, भुलवला जातो असं आहे. तिथला मूळ ग्रीक शब्द आमिष लावून पकडण्याचा. हे आपल्या किनाऱ्यावर कुणाला समजवायला नको. बाबा खाडीवर गरवायला जायचे तेव्हा सुंगट (कोळंबी) गरीत असं ओवायचे की टोक मांसात पार बुडालं पाहिजे. गरी दिसली तर तांबोशी कशाला येईल? माझी गरी प्रार्थनेत बुडालेली होती. वरून दिसत होती काळजी. आत एवढंच होतं की ही बातमी सगळ्यांच्या आधी मला कळली होती.

“खोटं तर काही सांगितलं नाही ना?” असं म्हणणाऱ्यांनी कॅथलिक धर्मशिक्षण या चर्चच्या शिकवणीच्या ग्रंथाचा 2477 वा परिच्छेद वाचावा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यापुढे योग्य कारणाशिवाय दुसऱ्याचे दोष उघड करणं, हा आठव्या आज्ञेविरुद्ध अपराध आहे. दोष खरे असले तरी. शेजारणीच्या लेकीचा तर दोषही नव्हता.

बरं, एकमेकांसाठी प्रार्थना करा हेही याकोबच सांगतो, आणि माझ्या नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तुमच्या प्रार्थनांनीच मला धीर दिला, मान्य. पण तेव्हा नाव मी स्वतः दिलं होतं.

त्या लादीनीच्या दुसऱ्या दिवशी शेजारीण दारात आली. भांडली नाही. “देवाक सांगूक माका येता गो,” एवढंच म्हणाली, माझं पातेलं पायरीवर ठेवलं आणि गेली. लेक पुढे पुण्याला गेली, ती फेस्तालाही (चर्चच्या सणालाही) येत नाही. शेजारीण चर्चमध्ये मिसाला येते. शांतीची खूण द्यायची वेळ आली की सगळ्या बाजूंना वळून हात जोडते, माझी बाजू सोडून. मी फादरांकडे पापनिवेदन केलं, मन हलकं करून घेतलं. तिची माफी मात्र आजवर मागितली नाही. इतकी वर्षं त्याच कुंपणाच्या अलीकडे राहून.

ज्यांनी सकाळचा तो मेसेज पुढे पाठवला असेल, त्यांनी जिथे जिथे पाठवला तिथून तो आधी काढून टाका. त्या मुलीला आई आहे, आणि तीही कुणाच्या तरी शेजारी राहते.

मी आज संध्याकाळी शेजारणीकडे जाणार आहे. दार उघडेल की नाही, माहीत नाही.