मामाजी, ते पाणी नाही

आमच्याकडे नवतप्यात, म्हणजे २५ मेपासूनच्या नऊ दिवसांत, शहाणा माणूस दुपारी घराबाहेर पडत नाही. लग्न असलं तर पडतो. म्हणून मी, मागे मामाजी, तोंडाला दुपट्टे, खिशात एकेक कांदा, असे यवतमाळहून घाटंजी रोडनं निघालो आणि मधातच गाडी पंक्चर. सावलीला एक बाभूळ, तीही नावापुरती, बाटलीतल्या पाण्यात पत्ती टाकली असती तर चहा झाला असता.

गाडी ढकलता ढकलता मामाजी थांबले. "समोर पाणी साचलं हाय, माह्यं धोतर भरते ना!"

म्हटलं मामाजी ते मृगजळ आहे, भास आहे.

"मंग फोटू काढ."

काढला. फोटोत चकाकतं पाणी!

"आता तुह्या फोनलेही ऊन लागलं का?"

बारावी सायन्स (दोनदा) केलेल्या माणसाचा असा पाणउतारा. मग तिथंच क्लास घेतला, की डांबर तापतं, त्याला चिकटलेली हवा वरच्यापेक्षा जास्त तापून विरळ होते, आभाळाकडून तिरपा येणारा उजेड तिच्यात वाकत वाकत रस्त्याला न टेकताच परत वर वळतो नि डोळ्यात येतो, डोळ्याला वाटतं हा सरळच आला, म्हणून आभाळ खाली रस्त्यावर दिसतं, आणि खाली दिसलेल्या आभाळाला आपण पाणी म्हणतो. म्हणजे उजेड खराच, म्हणून फोटोत येतो. भास म्हणालो ते चुकलंच, पण कबूल कोण करते! उलट नेपोलियन काढला. १७९८ मध्ये इजिप्तच्या वाळवंटात त्याच्या सैनिकांचीही हीच गत झाली, सोबतच्या गास्पार मोंज नावाच्या गणितज्ञानं उलगडा केला, वगैरे.

मामाजींना नेपोलियनचं काही नाही. "जवळ गेलं की पळते काहून?"

प्रश्न बाकी खरा होता. नजर रस्त्याला एका अंशाहूनही कमी कोनात घासत गेली तरच हे दिसतं, पायापुढच्या डांबराकडे आपण पाहतो वरून. म्हटलं, वाकून पहा, डोळे खाली गेले की पाणी जवळ येते.

मामाजी वाकले. मग उकिडवे बसले. मग दुपट्टा अंथरून भर रस्त्यात आडवे, हनुवटी डांबराला टेकायची बाकी. "आलं बे आलं! पाणी आलं!"

तेवढ्यात मागून एक ट्रॅक्टरवाला येऊन थांबला. त्यानं मामाजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "कवापासून पाणी पाणी करून राह्यले?" विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता मामाजींच्याच खिशातला कांदा काढून बुक्कीनं फोडला नि त्यांच्या नाकाला लावला.