फरसबीला खत लागत नाही म्हणे!

घरच्या बागेत फरसबी कशी लावावी याचा एक संदेश सतत पुढे पाठवला जातो. त्याचा गोषवारा असा: फरसबी द्विदल पीक आहे, हवेतलं नत्र (नायट्रोजन) ती मुळांत साठवते, म्हणून तिला कसलंही खत घालू नका, झाडं उपटल्यावर जमीन आपोआप सुपीक होते, बी रात्रभर पाण्यात भिजवा, मधमाश्या येत नसतील तर ब्रशने परागीकरण करा, शेंगा पूर्ण भरल्यावरच तोडा, आणि कोवळी शेंग कच्चीच खा, शिजवल्यावर सगळा कस निघून जातो.

पहिल्या दाव्यात निम्मं तथ्य आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर बोलायला हवं.

हवेतलं नत्र फरसबी पकडत नाही, तिच्या मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू पकडतात. झाड त्यांना साखर पुरवतं, ते झाडाला नत्र देतात. पण द्विदल पिकांमध्ये फरसबी या बाबतीत बरीच मागे आहे. सोयाबीन किंवा चवळी तिच्या पुष्कळ पुढे. एक कारण तिच्या आयुष्यात आहे: झुडपी जात 50 ते 60 दिवसांत तोडणीला येते, त्यातले पहिले दोन-तीन आठवडे गाठी तयार होण्यातच जातात. गाठी जोमाने कामाला लागतात तोवर फुलं आलेली असतात. वेलीच्या जाती जास्त दिवस उभ्या राहतात, म्हणून त्यांचं थोडं बरं चालतं. दुसरं कारण जिवाणूंच्या निवडीचं. फरसबी अनेक प्रकारच्या रायझोबियमना मुळांत शिरू देते, आणि त्यातले काही फुकटे भाडेकरू निघतात: गाठ करून राहतात, साखर खातात, नत्र मात्र जवळपास देत नाहीत.

कुंडीत तर आणखी पंचाईत. कोकोपीटसारख्या माती नसलेल्या मिश्रणात हे जिवाणू मुळात असतीलच असं नाही. जिवाणू संवर्धक (बियाण्याला किंवा मातीला लावायचे जिवंत जिवाणू) वापरायचं तर ते फरसबीसाठीचंच हवं. सोयाबीन किंवा भुईमुगासाठीचं पाकीट इथे उपयोगी पडत नाही, कारण त्या पिकांचे जिवाणू वेगळे. शिवाय गाठींना काम करायला स्फुरद (फॉस्फरस) लागतं, आणि ते काही हवेतून येत नाही. पालाश (पोटॅश), कॅल्शियम यांचंही तसंच. ‘कसलंही खत नको’ यातला ‘कसलंही’ तर नत्राची बाजू पूर्ण खरी धरली तरी टिकत नाही.

गाठी काम करतात का, हे घरी सहज तपासता येतं. फुलं लागताना एखादं झाड मुळांसकट अलगद काढा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर रंग असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर झाड तुमच्या खतावरच जगतंय असं समजा. गाठी अजिबात नसल्या आणि खालची जुनी पानं आधी फिकट होत असतील, तर नत्र कमी पडतंय. मात्र पाणी साचूनही पानं पिवळी पडतात, तेव्हा आधी कुंडीचा निचरा बघा.

मग खत किती? पेरणीआधी मातीत चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा आणि फुलं येण्याच्या सुमारास मूठभर गांडूळखत द्या. एवढं बहुतेक वाफ्यांना पुरतं. युरियाचा सढळ हात नको. नत्र आयतं मिळालं की झाड गाठी कमी करतं, पाला माजतो आणि शेंगा रुसतात. संदेश लिहिणाऱ्याने बहुधा असंच झाड पाहिलं असावं आणि ‘जास्त खत नको’चं ‘खतच नको’ केलं असावं.

जमीन सुपीक होण्याचं गणितही असंच फसवं आहे. झाडातल्या नत्राचा मोठा भाग शेंगांत जातो आणि शेंगा तर आपण तोडून नेतो. जमिनीत राहिलेल्या मुळांत फारसं काही उरत नाही. थोडाफार फायदा हवा असेल तर झाड उपटू नका, बुंध्याशी कापा आणि निरोगी पाला त्याच वाफ्यात गाडा. तांबेरा किंवा करपा पडलेला पाला मात्र बागेबाहेर काढा.

बी रात्रभर भिजवण्याचा सल्ला ऐकून मी नेहमीच दचकतो. फरसबीचं कोरडं बी पाणी फार झपाट्याने ओढतं. त्यात दळांना (बीच्या दोन फाकांना) तडे जातात, आतली साखर बाहेर झिरपते आणि तिच्यावर बुरशी पोसते. बुडवून ठेवलेल्या बियांना हवाही कमी मिळते. पुढे अर्धवट दळांची, शेंडा नसलेली रोपं उगवतात आणि आपण बियाण्याला नावं ठेवतो. त्यापेक्षा वाफा आदल्या दिवशी ओला करा, बी सुमारे तीन सेंटिमीटर खोल टोका आणि कोंब वर येईपर्यंत माती चिखलासारखी होऊ देऊ नका. माती उबदार असेल तर साधारण आठवड्यात उगवण होते. 10 अंशांखालच्या थंड, ओल्या मातीत बी कुजतं.

ब्रशचं काम तर निव्वळ रिकामटेकडं. फरसबीत फूल उमलायच्या आधीच आतल्या आत परागण झालेलं असतं. फुलं गळत असतील तर उष्णता बघा: दिवसाचं तापमान 32 अंशांपुढे गेलं आणि रात्रीही उकाडा राहिला की पराग निकामी होतात. पाण्याचा ताणही तेच करतो. ब्रश फिरवून फूल मोडेल, शेंग लागणार नाही.

शेंगा भरू देणं बियाण्यासाठी किंवा वाळलेल्या दाण्यांसाठी ठीक. भाजीसाठी नाही. शेंगेत दाणे पोसायला लागले की झाड नवी फुलं धरणं कमी करतं आणि शेंगही निबर होते. दर दोन-तीन दिवसांनी तोडणी करा, पण झाडं दवाने किंवा पावसाने भिजलेली असताना नको. ओल्या पानांवरून हात फिरला की रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो.

शेवटचा दावा पिकाचं नाही, तब्येतीचं नुकसान करतो. फरसबी आणि राजमा ही एकाच जातीची झाडं आहेत, आणि त्यांच्या दाण्यांत फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन (पोटाला त्रास देणारं एक प्रथिन) असतं. लाल राजम्यात ते सर्वांत जास्त. लाल राजम्याचे चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाब व्हायला पुरतात. कोवळ्या शेंगेत ते बरंच कमी असलं तरी वाणानुसार बदलतं आणि दाणा भरतो तसं वाढतं. म्हणजे संदेशातले शेवटचे दोन सल्ले कुणी एकत्र पाळले तर पंचाईतच. वाळलेले दाणे निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात कमीत कमी दहा मिनिटं खळखळून उकळा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवा. नुसत्या मंद आचेवर, 80 अंशांच्या खाली ठेवलेल्या दाण्यांतलं लेक्टिन नष्ट होत नाही. कोवळ्या शेंगाही मऊ होईपर्यंत शिजवूनच खा. शिजवताना क जीवनसत्त्व थोडं कमी होतं हे खरं, त्यासाठी पाणी कमी घाला आणि वर झाकण ठेवा.