एप्रन घातलेला साहेब

मोठ्या कंपनीच्या साहेबाने एक दिवस एप्रन घालायचा, काउंटरमागे उभं राहून दोन कप कॉफी करायची, फोटो काढून घ्यायचे आणि खाली ‘जमिनीशी जोडलेलं नेतृत्व’ वगैरे लिहायचं, हा प्रकार आता इंदूरपर्यंत पोचलाय. परवा लिंक्डइनवर असाच एक फोटो पाहिला. शंभर जणांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मला मात्र त्या फोटोत मागे उभ्या असलेल्या पोरांना विचारावंसं वाटलं, की साहेब गेल्यावर सिंकमधली भांडी कोणी घासली रे?

स्टारबक्स या अमेरिकन कॉफी चेनचे माजी प्रमुख लक्ष्मण नरसिंहन आठवत असतील. पुण्यात जन्मलेले, तिथल्याच सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. ते प्रमुख झाले तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर जणू घरचंच कोणी पहिलं आल्यासारखी अभिनंदनं चालली होती. त्यांचा एप्रन निव्वळ फोटोपुरता नव्हता, हेही सांगायला हवं. सूत्रं हातात घेण्याआधी त्यांनी 40 तासांचं बरिस्ताचं, म्हणजे कॉफी करणाऱ्याचं, ट्रेनिंग पूर्ण केलं आणि नंतर दर महिन्याला अर्धा दिवस दुकानात काम करीन असं कर्मचाऱ्यांना पत्राने कळवलं. मार्च 2023 मध्ये आले, ऑगस्ट 2024 मध्ये गेले. विक्री घसरली होती, गुंतवणूकदार मागे लागले होते. त्यांच्या जागी चिपोटले या अमेरिकन फूड चेनचे ब्रायन निकोल येणार ही बातमी आली त्याच दिवशी शेअर 24 टक्क्यांच्या आसपास उसळला. अर्ध्या दिवसाच्या कॉफीचा हिशेब बाजाराने कुठेच धरला नाही.

निकोल यांनी आल्यावर कपावर पुन्हा मार्करने नावं लिहायला लावली, दूध-साखरेचं टेबल परत आणलं, मेनू कमी केला. पण मला त्यांची एकच गोष्ट महत्त्वाची वाटली. 2025 च्या एप्रिलमध्ये त्यांनी गुंतवणूकदारांसमोर कबूल केलं, की गेली काही वर्षं आम्ही दुकानांतली माणसं कमी करत होतो, यंत्रं ती उणीव भरून काढतील अशी आशा होती, ती चुकीची ठरली. जगभर 40,000 दुकानं असलेल्या कंपनीला हे कळायला दोन-चार वर्षं लागली. काउंटरवरच्या कुठल्याही पोराने ते फुकटात सांगितलं असतं.

(आणि हेच निकोल सुरुवातीला कॅलिफोर्नियात घर ठेवून कंपनीच्या विमानाने सिएटलला ये-जा करणार होते. पहिल्या वर्षाचं पॅकेज साडेनऊ कोटी डॉलरच्या वर, बरंचसं शेअर्समध्ये. नंतर ऑफिसवाल्यांना फर्मान निघालं, आठवड्यातून 4 दिवस हजर राहा. असो.)

माझी भाची इथे विजयनगरकडे एका कॉफीच्या चेनमध्ये आहे. नाव लिहीत नाही, पोरीची नोकरी आहे. आत भिंतीवर कंपनीची मूल्यं लावलेली आहेत: आदर, आपुलकी, आणखी काय काय. सकाळी शिफ्ट सुरू होण्याआधी ती मोठ्याने वाचायची असतात. आणि शनिवारी संध्याकाळी, अख्खं इंदूर बाहेर पडलेलं असताना, दुकानात तिघं. एक कॅशवर, एक मशीनवर, तिसरा टेबलं पुसणार, भांडी घासणार आणि ऑनलाइनची पार्सलंही बांधणार. वर एरिया मॅनेजरचा फोन, की बिलामागे एक कुकी जास्त का जात नाही? रात्री क्लोजिंग करून घरी यायचं आणि सकाळी ओपनिंगला पुन्हा हजर. मी विचारलं, मॅनेजरला सांगत का नाहीस? म्हणाली, “मावशी, मॅनेजर चांगलाच आहे गं. तोच भांडी घासायला उभा राहतो. माणसं किती ठेवायची ते वरून येतं.”

मला वाटतं सगळं इथेच आहे. कंपनीची मूल्यं बघायची असतील तर रोस्टर, म्हणजे कोणाची ड्यूटी कधी तो तक्ता, बघावा. भिंतीवरचा कागद कोणीही छापतो.

स्टारबक्स मोठी करणाऱ्या हॉवर्ड शुल्ट्झ यांचीच गोष्ट घ्या. ब्रुकलिनच्या सरकारी वसाहतीत वाढलेला माणूस. वडील गाडीवरून लंगोट पोचवायचे, कामावर पडून जायबंदी झाले, ना पगार ना विमा. ते मनात धरून त्यांनी 1988 मध्ये आठवड्याला 20 तास काम करणाऱ्यांनाही आरोग्य विमा दिला आणि 1991 मध्ये कंपनीचे शेअरही देऊ केले. त्या काळी अमेरिकेत हे फार मोठं होतं आणि मी ते मोठंच मानते. पण डिसेंबर 2021 मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात स्टारबक्सच्या एका दुकानातल्या पोरांनी युनियन केली (माणसं कमी पडतात, जुन्यांच्या पगाराचा विचार होत नाही, अशाच तक्रारी होत्या) तेव्हा याच शुल्ट्झना ते सहन झालं नाही. 2023 मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे बसून त्यांना आम्ही कामगार कायदा मोडला नाही असं सांगावं लागलं. आपण होऊन द्यायला त्यांचा हात सढळ होता. समोरच्याने टेबलाशी बसून मागितलं की तोच हात आखडायचा. आपल्याकडचे कितीतरी भले मालकही असेच असतात. दिवाळीला मिठाईची पेटी देतील, लग्नाला आहेर करतील, पण सुट्टीचा नियम लिहून मागितलात की तोंड वाकडं.

याच्या उलट बाजूचं उदाहरण आपल्याच शहरात आहे आणि आपण तिथे डोसे खाऊन ढेकर देत बाहेर पडतो. इंडियन कॉफी हाऊस. पन्नासच्या दशकात कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली, माणसं रस्त्यावर येणार होती. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनीच 1957 पासून सहकारी सोसायट्या काढल्या. मध्य प्रदेशातली सोसायटी जबलपूरची. तुरेवाला फेटा बांधून जो तुम्हाला सांबार वाढतो तो सोसायटीचा सभासद असू शकतो आणि संचालक मंडळ सभासद निवडतात. रोस्टर ठरवणाऱ्याला मत मागायला याच लोकांकडे यावं लागतं.

तिथे सगळं गोड आहे असं म्हणत नाही. डोसा यायला वेळ लागतो, वेटर तुमच्याकडे बघून हसेलच असं नाही, तरुण पोरं तिथे फिरकत नाहीत. आणि सोसायटीतही राजकारण असतंच, आपण मराठी माणसं, आपल्याला सोसायटीच्या निवडणुका कोणी शिकवायला नकोत. जगभर 40,000 दुकानं या पद्धतीने उघडताही येणार नाहीत कदाचित. पण तिथे वर्षानुवर्षं तेच चेहरे दिसतात. भाचीच्या दुकानात मी दर वेळी गेले की नवीनच पोरगं नाव विचारतं.

पुढच्या आठवड्यात तिचा दुसऱ्या एका चेनमध्ये इंटरव्ह्यू आहे, शिफ्ट सुपरवायझरसाठी. तिने मूल्यांवरची उत्तरं पाठ करून ठेवलीत. मी म्हटलं, ती म्हण, पण शेवटी “तुम्हाला काही विचारायचंय का?” असं म्हणतील तेव्हा शनिवारी संध्याकाळी किती जण असतात आणि क्लोजिंगनंतर ओपनिंग लावतात का, एवढं विचारून ये. ती म्हणाली, “विचारलं तर घेणार नाहीत.” घेतलं नाही तर उत्तर मिळालंच की, असं मी म्हटलं खरं, पण नोकरी तिला हवी आहे, मला नाही. चेनमध्ये कामाला असलेल्या किंवा होत्या अशा पोरापोरींनी कमेंटमध्ये लिहा, असं विचारलं तर खरंच काय होतं?