सॉफ्टवेअरचं पॅकेज लठ्ठ कसं राखावं

परवा एक टूल उतरवलं. काम एकच, फोटोंची नावं बदलणं. आकार ४१२ एमबी. ९६ टक्क्यांवर डाउनलोड तुटलं आणि पुन्हा शून्यापासून सुरू झालं. या थोर परंपरेत ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी काही अनुभवाचे बोल.

डीबग सिम्बॉल्सना, म्हणजे चुका शोधायला प्रोग्रॅममध्ये ठेवलेल्या खुणांना, हात लावू नका. त्या काढणारं ‘स्ट्रिप’ चालवायला एखादा सेकंद लागतो आणि प्रोग्रॅम होता तसाच चालतो, पण म्हणून काय झालं? कोणती सूचना सोर्स कोडच्या कितव्या ओळीतून आली हे फोटोवाल्याला कळायला नको? डेबियन लिनक्सवाले हा ऐवज वेगळ्या डीबीजीसिम पॅकेजात ठेवतात. क्रॅश तपासायचा असेल त्यानं तो उतरवावा म्हणे. कंजूष कुठले.

लिंकरला, म्हणजे कोडचे तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणाऱ्याला, ‘जीसी-सेक्शन्स’ हा पर्याय सांगू नका. न वापरलेला कोड काढून टाकेल मेला.

‘वजन कमी करा’ असं वरून आलंच, तर यूपीएक्सनं, म्हणजे प्रोग्रॅमची फाइल आवळणाऱ्या टूलनं, दाबून टाका. अँटिव्हायरस बोंबलला तर दोष त्याचा.

कंटेनर इमेज, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं थराथरानं बांधलेलं गाठोडं, असेल तर विचारूच नका. कोडचा प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर, हेडर फाइली, टेस्टचा डेटा, सगळं आत कोंबा. मग लाज वाटली की बांधणीच्या शेवटच्या ओळीत ‘आरएम’ करा, म्हणजे ते पुसा. फाइल दिसेनाशी होते, वजन तिथंच राहतं. खालचा थर तसाच असतो, वरच्यात फक्त ‘ही फाइल नाही असं समजा’ एवढी खूण पडते. पसारा पलंगाखाली ढकलायचा आणि घर आवरलं म्हणायचं! अशा इमेज बनवणाऱ्या डॉकरमध्ये मल्टि-स्टेज बिल्ड २०१७ पासून आहे. एका टप्प्यात कंपाइल करा, दुसऱ्यात नुसती बायनरी, म्हणजे तयार प्रोग्रॅमची फाइल, उचलून ठेवा. चार ओळी जास्त लिहाव्या लागतात हो, चार! पण तुमच्याकडे फायबर आहे, तुमच्या मशीनवर आधी उतरवलेल्याची कॅश आहे, तुम्हाला कुठं काय जाणवतंय? ओढणारा ओढतोय दर वेळी.

बरं, त्या ४१२ एमबीत होतं काय? एक बटण दाखवायला आख्खा क्रोमियम ब्राउझर. इथवर ठीक, त्याची आता सवय झालीय. पण गिटचा, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदवहीचा, पूर्ण इतिहास? ‘फिक्स’, ‘फिक्स २’, ‘आता तरी चाल’ या कमिटांसकट?

आळशीपणा आहे हा, दुसरं काही नाही. पाठवायच्या आधी स्वतःचं पॅकेज एकदा उघडा. आकार सांगणारं ‘डीयू’ चालवा, सगळ्यात जड दहा गोष्टी बघा, त्यातल्या निम्म्या कशाला आहेत ते सांगता येतंय का पाहा. येत नसेल तर काढा त्या.

फोटो चाळीसच होते. शेवटी हातानं नावं बदलली.